नखांची तपासणी : फक्त मळ बघण्यासाठी?



सोमवारी परिपाठ झाला की आपल्या बहुतेक शाळांत एक काम ठरलेलं असतं. मुलं रांगेत उभी राहतात, दोन्ही हात पुढे करतात आणि आपण एकेकाची नखं बघत पुढे सरकतो. वाढलेली किंवा मळलेली नखं दिसली की "उद्या कापून ये हं" म्हणायचं, स्वच्छ असली की पुढच्या मुलाकडे वळायचं. पस्तीस-चाळीस मुलांची तपासणी पाच मिनिटांत उरकते. मीही कितीतरी वर्षं हेच करत आले.

काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची नखं नेहमी स्वच्छ असायची. कधी वाढलेली दिसायचीच नाहीत, कारण वाढायच्या आधीच ती तुटायची. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आपली दर सोमवारी तिला "छान" म्हणून पुढे जायचे. मग जानेवारीत आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला आणि मला जवळ बोलावलं. "मॅडम, हे नख बघा. यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो ओघळणार नाही, तिथेच थांबेल." मी वाकून बघितलं. नखं मधे खोलगट, कडा वर उचललेल्या, अगदी छोट्या चमच्यासारखी. रंग फिका. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४ निघालं. तिच्या वयाला ते किमान ११.५ तरी हवं असतं.

हीच मुलगी पाटीवरची पेन्सिल खाते म्हणून मी तिला दोनदा रागावले होते. अंगात लोह कमी पडलं की काही मुलांना माती, खडू, पेन्सिल असं खावंसं वाटतं, हे डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलं. जूनपासून जानेवारीपर्यंत तो हात दर सोमवारी माझ्यासमोर येत होता आणि मी त्यात फक्त मळ शोधत होते.

तेव्हापासून मी नखांबद्दल वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले. जे समजलं ते आज आपल्या सगळ्यांसाठी लिहिते आहे. आपण काही डॉक्टर नाही, आणि हा लेख वाचून कोणाला होणारही नाही. पण मुलांचे हात रोज बघणारी माणसं आपणच आहोत.

नख म्हणजे नेमकं काय?

आपण जे कापतो ते नख निर्जीव असतं, म्हणून तर कापताना दुखत नाही. ते केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं. आपले केस आणि गाई-बैलांची शिंगं याच प्रथिनाची असतात. नखाचा जिवंत भाग असतो त्याच्या मुळाशी, कातडीखाली लपलेला. त्याला आपण नखाचं मूळ म्हणू. तिथे नव्या पेशी सतत तयार होतात, जुन्या पेशींना पुढे ढकलतात, आणि ढकलल्या गेलेल्या पेशी चपट्या व कडक होऊन नख बनतात. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी जो पांढरट अर्धचंद्र दिसतो, तो या मुळाचाच बाहेर डोकावणारा भाग.

नखाला स्वतःचा गुलाबी रंग नसतो. ते जवळजवळ पारदर्शक असतं. गुलाबी दिसतं ते नखाखालच्या बारीक रक्तवाहिन्यांतलं रक्त. म्हणजे नखाकडून आपल्याला दोन प्रकारच्या बातम्या मिळतात. रंगावरून कळते आजची बातमी, कारण रक्त या क्षणाचं असतं. आकार, रेघा आणि जाडी यावरून कळते मागच्या काही महिन्यांची बातमी, कारण टोकाकडचं नख तेव्हा तयार झालेलं असतं. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

मतदानाची शाई आणि नखाची वाढ

नख किती वेगाने वाढतं हे बघायला आपल्या हाताशी एक छान साधन आहे. मतदानाची शाई! १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती आपल्याकडे वापरली जाते, आणि म्हैसूरच्या कारखान्यात तयार होते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरची शाई काही दिवसांत जाते, पण नखावरची जात नाही. ते नखच वाढून पुढे सरकावं लागतं.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. इलेक्शन ड्युटी आपल्यापैकी बहुतेकांनी केली असेल. त्यानंतर मकरसंक्रांतीच्या सुमारास मी माझं बोट वर्गात दाखवलं. नखाच्या तळाकडचा निम्मा भाग स्वच्छ झाला होता आणि शाई फक्त वरच्या निम्म्या भागात उरली होती. "मॅडम, शाई वर चालली!" एक मुलगा ओरडला. पट्टीने मोजलं तर स्वच्छ भाग साधारण साडेपाच मिलिमीटर भरला. दिवस झाले होते ५५. म्हणजे रोज सुमारे ०.१ मिलिमीटर. पुस्तकातही तेच लिहिलेलं आहे. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं आणि मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवीन व्हायला जवळपास सहा महिने लागतात. पायाचं नख याच्या निम्म्या वेगाने वाढतं. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष ते दीड वर्ष लागू शकतं.

नखावरच्या रेघा

१८४६ मध्ये जोसेफ बो या फ्रेंच डॉक्टरांनी नखावरच्या आडव्या खाचांचं वर्णन केलं. मोठा ताप, न्यूमोनिया, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, असं काही झालं की शरीर आपली शक्ती तिकडे वळवतं आणि नखाच्या मुळाचं काम काही दिवस मंदावतं. त्या दिवसांत तयार झालेलं नख पातळ राहतं. पुढे ते वाढून बाहेर आलं की आडवी खाच दिसते. आजही त्यांना बो यांच्या रेषा असंच म्हणतात.

खाच मुळाकडच्या कातडीपासून ६ मिलिमीटरवर असेल तर ६ भागिले ३, म्हणजे साधारण दोन महिने. त्यात ते नख कातडीखालून बाहेर यायला लागलेले काही आठवडे मिळवायचे. चौथी-पाचवीच्या मुलांना भागाकाराचं इतकं जिवंत उदाहरण दुसरं मिळणार नाही! एकाच बोटावर खाच असेल तर बहुधा त्या बोटाला दाराचा वगैरे मार लागलेला असतो. सगळ्या बोटांवर एकाच उंचीवर असेल तर ती आजारपणाची खूण समजायची.

लहान मुलांच्या आई-वडिलांनी एक गोष्ट जरूर माहीत करून घ्यावी. हात, पाय आणि तोंडात पुरळ येणारा जो संसर्ग बालवाडी-पहिलीच्या मुलांत पसरतो, तो बरा झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी काही मुलांची नखं मुळाकडून सुटून गळून पडतात. आई घाबरते, कारण तोवर आजार विसरलेला असतो. पण खाली नवीन नख येतच असतं. बोट दुखत, सुजत नसेल तर काही करावं लागत नाही.

रंग काय सांगतो?

फिकट, पांढरट : रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं की नखाखालचा गुलाबीपणा जातो. नुसत्या नखावर जाऊ नका. सोबत तळहात आणि डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघा. तिन्ही फिकट असतील तर रक्त तपासून घ्यावं.

निळसर : थंडीत मुलांची नखं निळी पडतात, हात चोळून गरम केले की गुलाबी होतात. ते साधं आहे. पण हात गरम असूनही नखं आणि ओठ निळे दिसत असतील, मूल खेळताना लवकर दमत असेल, तर हृदय किंवा फुप्फुसांची तपासणी लांबवू नये. सोबत धाप लागली असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

पिवळी, जाड, भुगा पडणारी : ही बहुतेक वेळा बुरशी असते, पायाच्या नखांत जास्त. मधुमेह असलेल्यांना ती लवकर होते. हळद, मेंदी किंवा नेलपॉलिशनेही नखं पिवळट-तांबूस दिसतात, म्हणून आधी तेवढी चौकशी करावी.

काळपट उभी रेघ : आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या माणसांत अनेक बोटांवर तपकिरी उभ्या रेघा असणं नेहमीचं आहे. मात्र एकाच नखावर नव्याने आलेली, रुंद होत जाणारी किंवा मुळाजवळच्या कातडीवर पसरणारी काळी रेघ त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. तो क्वचित कर्करोगही असू शकतो.

एक छोटी चाचणीही सांगते. नख पांढरं होईपर्यंत दाबा आणि सोडा. उबदार हातात साधारण दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. जुलाब-उलट्या झालेल्या मुलाच्या नखाला यापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर अंगातलं पाणी कमी झालेलं असू शकतं. मूल सुस्त असेल तर घरी थांबू नये.

आकार काय सांगतो?

चमच्यासारखं खोलगट नख माझ्या विद्यार्थिनीचं होतं. त्याचं नेहमीचं कारण म्हणजे लोहाची कमतरता. पण घाबरण्याआधी हेही ऐका. तान्ह्या आणि अगदी लहान मुलांची, विशेषतः पायाची नखं मुळातच पातळ आणि थोडी खोलगट असतात, वय वाढेल तशी सरळ होतात. आणि उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. रक्तक्षय असलेल्या बहुतेक मुलांची नखं चमच्यासारखी होतच नाहीत. नखं चांगली दिसली म्हणजे रक्त चांगलं असा अर्थ काढू नये.

दुसरा प्रकार याच्या उलट. बोटाचं टोक फुगीर होतं आणि नख घड्याळाच्या काचेसारखं गोल वळतं. हे फुप्फुसांच्या किंवा हृदयाच्या जुन्या आजारात दिसतं. दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शामरॉथ यांनी १९७६ मध्ये याची साधी चाचणी सांगितली, तीही स्वतःच्या आजारपणात स्वतःच्या बोटांवर बघून. दोन्ही हातांची एकच बोटं पाठीला पाठ लावून, नखाला नख भिडवून धरायची. तळाशी मधे शंकरपाळीच्या आकाराची छोटी फट दिसली की ठीक. फट बुजलेली असेल तर डॉक्टरांना दाखवावं. वाचता वाचता आपण सगळेच हे करून बघणार, मला माहीत आहे!

नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे सोरायसिसमध्ये दिसतात. थायरॉइडचं काम मंदावलं की नखं ठिसूळ होतात आणि सावकाश वाढतात. पण ठिसूळ नखांचं सगळ्यात साधं कारण म्हणजे दिवसभर पाण्यात हात. धुणी-भांडी करणाऱ्या आयांच्या नखांकडे बघा. त्यांनाच नखुरडंही वारंवार होतं.

पांढरे ठिपके आणि बगळ्याची फुलं

आकाशात बगळ्यांची रांग दिसली की लहानपणी आम्ही नखं एकमेकांवर घासून बगळ्यांकडे फुलं मागायचो. नखावर पांढरा ठिपका उमटला की बगळ्याने फूल दिलं! आता मुलं बगळ्यांना विचारत नाहीत, पालक मात्र मला विचारतात, "मॅडम, हिला कॅल्शियम कमी आहे का?" मुलांच्या नखावरचे असे ठिपके बहुतेक वेळा मुळाला बसलेल्या बारीक माराचे असतात. बाकावर बोट आपटणं, नखं कुरतडणं, दारात बोट सापडणं. मार विसरून जातो आणि ठिपका काही आठवड्यांनी वर येतो, म्हणून संबंध लक्षात येत नाही. त्यासाठी कॅल्शियमच्या बाटल्या आणायची गरज नाही. ठिपका नखाबरोबर पुढे सरकतो आणि कापला जातो.

वय वाढतं तसं नख

विल्यम बीन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. त्यांनी स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर मुळाशी खूण करायची आणि ती टोकाला यायला किती दिवस लागतात ते मोजायचं, असं तब्बल ३५ वर्षं केलं. वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचं नख रोज ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, ६७ व्या वर्षी ०.०९५. म्हणजे वेग जवळजवळ पावपट कमी झाला. १९८० मध्ये त्यांनी हे सगळं छापून प्रसिद्ध केलं. ना मोठी प्रयोगशाळा, ना यंत्र! आपल्या विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

आजी-आजोबांच्या नखांवर उभ्या रेघा येतात, चमक जाते, नखं ठिसूळ होतात, अर्धचंद्र दिसेनासा होतो. हे केस पिकण्यासारखंच आहे, त्याला औषध नाही आणि लागतही नाही. पण पायाची नखं जाड आणि दगडासारखी टणक होतात, वाकून कापता येत नाहीत, मग कोणीतरी ब्लेड घेतं. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला ब्लेड लागणं किती महागात पडतं हे अनेक घरांनी बघितलेलं आहे. आंघोळीनंतर किंवा कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय भिजवून, पाय कोरडे करून, नेलकटरने सरळ कापावीत. कोपरे खोल कोरू नयेत. मधुमेह असेल आणि पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर नखं कशी कापायची हे डॉक्टरांनाच विचारावं. मुलांना मी गृहपाठ देते, "रविवारी आजीच्या पायाची नखं बघा आणि कापायला घरातल्या मोठ्यांना सांगा." आजी खूश होतात!

मग आपण करायचं काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या फेरीत, देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के आहे. म्हणजे आपल्या पहिलीच्या वर्गात येणारी मुलं बहुधा याच रांगेतून येतात, आणि त्यांना शाळेत सोडायला येणाऱ्या आयाही.

यासाठी योजना आहेत. अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी, तर १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी गोळी द्यायची आहे. जंतनाशक गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये असते. पण आपण खरं बोलूया. गोळ्यांचा दिवस अनेकदा नोंद पूर्ण करण्याचा दिवस होतो. गोळीने शी काळी होते म्हणून घरचे घाबरतात आणि मूल ती गोळी खिशात ठेवतं. शी काळी होणं हे त्या गोळीमुळे होतंच, त्यात घाबरण्यासारखं नाही, हे पालकसभेत एकदा स्पष्ट सांगितलं की फरक पडतो. उपाशीपोटी मळमळतं, म्हणून गोळी पोषण आहारानंतर द्यावी.

जेवणातलं सांगायचं तर बाजरी, मोडाची मटकी, हिरव्या पालेभाज्या, हळीव, खजूर यांत लोह असतं. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असेल तर ते अंगाला जास्त लागतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी लागतं. चहा-चपाती हा नाश्ता करून येणारी किती मुलं आपल्या वर्गात आहेत, एकदा विचारून बघा.

सोमवारच्या तपासणीत मी आता तीन गोष्टी वाढवल्या आहेत. रंग, आकार आणि कुरतडणं. शंका आली तर वर्गासमोर काही बोलत नाही, वहीत छोटी खूण करते आणि पालक भेटले की एकच वाक्य सांगते, "आरोग्य केंद्रात एकदा दाखवून घ्या." आजाराचं नाव मी घेत नाही. नख फक्त शंका देतं, उत्तर रक्ताच्या तपासणीतून आणि डॉक्टरांकडूनच येतं. आणि डॉक्टरांकडे जाताना नेलपॉलिश-मेंदी नको, हेही सांगते.

त्या मुलीच्या आईला मी शाळेत बोलावलं तेव्हा ती म्हणाली होती, "अहो मॅडम, तिची नखं पहिल्यापासून अशीच हायेत. माझीबी अशीच हायेत." आणि तिने आपले हात पुढे केले. तेव्हा मला कळलं की रक्त दोघींचं तपासायला हवं. दोघींच्या गोळ्या सुरू झाल्या. मुलीला जंताचं औषधही दिलं. दोन महिन्यांत तिचं हिमोग्लोबिन चढलं, वर्गात ती डोकं टेकून बसेनाशी झाली, पेन्सिल खाणंही सुटलं. नखं मात्र तशीच. मी डॉक्टरांना विचारलं तर ते हसले, "नखाला वेळ द्या मॅडम, ते जुनं आहे. नवीन मुळातून येतंय."

खरंच, मुळाकडून सपाट, गुलाबी नख हळूहळू वर येत होतं आणि टोकाला जुना चमचा शिल्लक होता. पाचवीच्या जुलैत तो कापला गेला. त्या सोमवारी तिची नखं थोडी वाढलेली होती. आणि मला इतका आनंद झाला, की "उद्या कापून ये" म्हणायला मी विसरले.

उद्या आपल्या वर्गात तपासणी घेताना एक मिनिट जास्त द्या. आणि आज रात्री मुलाची नखं कापताना, पालकहो, दिव्याखाली ती एकदा नीट बघा. मग आपलीही बघा.